चांगुणामावशींचं उलटं पुस्तक

चांगुणामावशी पुस्तक मासळीसारखं निवडायच्या. आधी नाकाशी धरायचं. मग अंगठ्याने पाठ दाबून बघायची. मग मधलं एखादं पान कल्ला उचलावा तसं किंचित वर करून आत डोकवायचं. एवढं झालं की निकाल लागायचा. "ताजं हाय," नाहीतर "शिलं हाय, ठेव तिकरं."

शिळं म्हणजे जुनं असं मात्र नाही. ज्या पुस्तकाचं पान उलटताना पोरं पुढे सरकत नाहीत ते शिळं, मग ते कालच छापून आलेलं का असेना. उलट एका बदकाच्या छत्रीची गोष्ट असलेलं एक पुस्तक होतं. चार वर्षं हाताळून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि मावशींच्या मते ते रोज सकाळी नव्याने ताजं व्हायचं.

मी हे हसत लिहितो आहे. पण त्यांच्याबद्दल हसत लिहिण्याचा हक्क मला उरला आहे का, याची मला खात्री नाही.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतींचा रंग ओला होता आणि रस्त्यांना नावं नव्हती, नुसते सेक्टरचे आकडे होते. माणसं गिरणगावातून, कोकणातून, देशावरून आलेली. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर भराव घालून आमचे ब्लॉक उभे राहिले, ती करावे गावातली माणसं आता आमच्या दारात कचरा उचलायला आणि पहारा करायला येत होती. या गोष्टीवर मी त्या वयात रोज चिडायचो. आजही चिडतो, आणि चिडणं योग्यच आहे असं मानतो.

सोसायटीच्या ऑफिसमागच्या खोलीत कमिटीने बालवाडी काढली होती. शिकवायला मुंबईहून एक बाई यायच्या. बसचा पत्ता नाही, आली तर थांबत नाही, असं दोन महिने सोसून त्या यायच्या बंद झाल्या. झाडू मारायला, पाणी भरायला आणि पोरांची नाकं पुसायला ठेवलेल्या करावे गावच्या चांगुणामावशी तेवढ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडू मारला, पाणी भरलं, नाकं पुसली, आणि अकरा वाजले तरी पोरं घरी जाईनात म्हणून पेटीतलं एक पुस्तक काढलं. अशी त्यांची नेमणूक झाली. कमिटीला हे कळायला चार महिने लागले आणि कळल्यावर आनंदच झाला, कारण बाईचा पगार वाचत होता.

मावशी पन्नाशीच्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाऊ उरणला. दात पुढे, आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव ठेवायची खोड. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत मावशी जवळून गेल्या की नाकाला रुमाल लावत. ते झाले 'रुमालसाहेब'. मी कायम कुठली ना कुठली पत्रकं वाटत फिरायचो. मी झालो 'कागदवाला'.

"काय रं कागदवाल्या," त्या लांबून विचारायच्या, "आज कोनाच्या नावानं बोंब?"

बालवाडीत सतरंजी नव्हती. वाशीला नवीन मार्केट सुरू झालं होतं, तिथून मावशींनी कांद्याची रिकामी बारदानं आणली आणि कापून त्यांची बसकरं केली. त्या पोत्यांवर व्यापाऱ्यांच्या नावांची अक्षरं काळ्या रंगात उमटवलेली होती. कापताना नावं तुटली, पण प्रत्येक तुकड्यावर एकेक अक्षर तरी आलं. मग ते बसकर त्या पोराचं आणि ते अक्षरही त्याचं. कुणी 'म'वर बसायचं, कुणी 'र'वर. पोरांची नावं मावशींच्या लक्षात राहायची नाहीत. त्या हजेरी घ्यायच्या ती अशी: "म आला? र कुटं हाय? ग, तुजं नाक पूस." पंधरा दिवसांत पोरं रस्त्यावरच्या पाट्यांवर, टेम्पोच्या मागे, दवाखान्याच्या दारावर आपापलं अक्षर शोधायला लागली. सापडलं की ओरडायची, "मावशी, तिथे पण मी आहे!" मोठ्या माणसांतसुद्धा आपण कुठेतरी आहोत असं इतक्या खात्रीने म्हणणारी फार थोडी मी पाहिली आहेत.

बसकरं अर्धगोलात मांडायची. मधे जमिनीवर पुस्तक उघडून ठेवायचं, पोरांकडे तोंड करून. पलीकडे मावशी मांडी घालून बसायच्या. सुरुवात करायच्या आधी एक प्रश्न ठरलेला होता, देवाला नमस्कार करावा तसा.

"सगल्यांना दिसतंय ना?"

पोरं लांबवून "हो-ओ-ओ" म्हणायची. एकानेही "नाही" म्हटलं तर पुस्तक हलायचं, पोरं सरकायची आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी दिसण्यातच पाव तास जायचा.

मग शब्दांखालून बोट फिरवत त्या वाचायच्या. बदक, छत्री, वारा. नेमक्या जागी, वाऱ्याने छत्री उलटी झाली की पुढचं पान उलटायच्या आधी थांबायच्या आणि उठून चहा प्यायला जायच्या. शांतपणे बशीत ओतून, फुंकर घालून. पुस्तक उघडंच. पोरं त्याच्यावर तुटून पडायची. चित्रावरून, आपापल्या अक्षरांवरून, एकमेकांना ढकलत पुढचं पान लावायची. मावशी परत आल्या की पोरंच त्यांना सांगायची, पुढे काय झालं ते. "मंग मी कशाला वाचू?" असं म्हणून त्या रागावल्याचं नाटक करायच्या. एवढी चतुर शिक्षणपद्धती मी पुढे मोठमोठ्या लोकांच्या भाषणांत ऐकली. त्यांतल्या कुणी मधेच उठून चहा प्यायला नाही, एवढाच फरक.

फाटलेली पुस्तकं त्या स्वतः शिवायच्या. नवऱ्याची जाळी विणायची लाकडी सुई आणि नायलॉनचा दोरा. गाठ अशी की पान एक वेळ फाटेल पण गाठ सुटणार नाही. त्या पुस्तकांना मासळीचा वास यायचा. सामंतांनी कमिटीत दोनदा तक्रार केली. पोरांना मात्र वाटायचं की पुस्तकाचा वास असाच असतो.

माझी भाची मीनू तेव्हा चार वर्षांची होती. ताई माहेरी येऊन राहिली होती, तिला कंपनीत कामावर जावं लागायचं आणि मीनू दारातून रडायला सुरुवात करायची. तिला 'ल'चं बसकर मिळालं होतं, पण त्यावर ती एकदाही बसली नाही. पहिल्या दिवशी मावशींनी तिला मांडीवर घेतलं आणि ती वर्षभर तिथेच राहिली. 'ल'चं बसकर कोरंच्या कोरं. मावशी हजेरीत म्हणायच्या, "ल मांडीवर हाय."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

माझे वडील दादरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. संघटनांची पत्रकं, सभांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, सगळं. बिघडलेली पानं ते घरी आणायचे आणि त्यांवर मी अक्षरं शिकलो. 'निषेध' हा शब्द मला 'नळ'च्या आधी आला. त्यामुळे विसाव्या वर्षी मी स्वतःची पत्रकं काढायला लागलो यात नवल नव्हतं. कॉलेजातल्या मित्राकडे चक्रमुद्रणाचं यंत्र होतं. पाण्यावर पत्रक, बसवर पत्रक, गावकऱ्यांच्या जमिनीवर पत्रक. कमिटीने माझी एकही मागणी कधी मान्य केली नाही. मला त्याचा अभिमान होता.

असंच एक पत्रक मी एकदा मावशींना दिलं. त्यांनी वास घेतला, अंगठ्याने दाबलं, पायरीवर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. बिचारीला कागद कुठून धरायचा तेही ठाऊक नाही, असं मनात आलं.

"शिलं हाय," त्या म्हणाल्या. "सगला पयल्या ओलीतच सांगून टाकतंस. मंग पुडचं कोन वाचंल? आन 'जाहीर' दोनदा लिवलंस."

मी पाहिलं. खरंच दोनदा होतं. कुणीतरी आधीच वाचून दाखवलं असणार, असं मी धरून चाललो. इतकं सोपं उत्तर हातात पडलं होतं आणि मी ते खाली टाकलं, कारण माझं उत्तर आधीच तयार होतं.

ते असं तयार झालं. सोसायटीच्या हजेरीवहीत मावशींच्या नावापुढे अंगठा असायचा. मी एकदा विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं, "मना लिवता नाय येत." मग एकदा मी मागे उभं राहून गोष्ट ऐकली. पुस्तकात 'राजाने पंचपक्वान्ने खाल्ली' असं छापलेलं. मावशींच्या तोंडून राजाने बोंबलाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी खाल्ली. वाघ बेलापूरच्या डोंगरातून आला. राजकन्या तर मिठागरावर कामाला जायची. मी म्हटलं, चित्रं बघून रचते आहे बाई. आणि शेवटी एका दुपारी पोरं गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. मावशी रिकाम्या खोलीत एकट्या बसून पुस्तक वाचत होत्या. ओठ हलत होते. बोट ओळीखालून उजवीकडून डावीकडे चाललं होतं. पुस्तक संपूर्ण उलटं होतं.

समोर कुणी नसताना पुस्तक उलटं! याहून जास्त पुरावा कुणाला हवा?

मला त्यांचा राग आला नाही, हे सांगायला हवं, कारण तेच जास्त वाईट आहे. मला राग आला तो कमिटीचा. गावातल्या एका गरीब बाईला चार आण्यांच्या कामावर ठेवायचं आणि आमच्या पोरांची पहिली अक्षरं तिच्या अंगावर टाकायची, हा दोघांवरही अन्याय. त्या रात्री मी झोपलो नाही वगैरे काही झालं नाही. मी अर्ध्या तासात पत्रक लिहिलं. 'पालकांनो, तुमच्या मुलांची अक्षरं कुणाच्या हातात आहेत?' असा मथळा. खाली: 'दोष या गरीब बाईंचा नाही. पण या बाईंना वाचता येत नाही.' आणि मागणी: प्रशिक्षित शिक्षिका द्या.

कमिटीने माझी ही मागणी चोवीस तासांत मान्य केली. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

सभा बालवाडीच्याच खोलीत झाली. रविवारची सकाळ. मोठी माणसं बसकरांवर अवघडून बसलेली, सामंत 'म'वर. मावशी दाराशी उभ्या. सामंतांनी पेटीतलं एक पुस्तक काढलं, रुमाल दुसऱ्या हातात घेतला आणि पुस्तक मावशींच्या हातात नीट, सरळ दिलं.

"वाचा बघू मावशी दोन ओळी. म्हणजे प्रश्नच मिटला."

मावशींनी पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी ते फिरवलं आणि उलटं धरलं.

खोली हसली. वाईट मनाने हसली असं नाही म्हणत, माणसं हसतात तशी हसली. मावशींनी तोंड उघडलं होतं. पण त्यातून शब्द यायच्या आत सामंतांनी पुढे होऊन पुस्तक पुन्हा सरळ केलं, लहान मुलाच्या हातातली पेन्सिल सरळ करतात तसं. मावशींनी परत पाहिलं. बोट पानावर ठेवलं, उजवीकडे नेलं, थांबवलं, डावीकडे आणलं.

"असा नाय जमत," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"ठीक आहे," सामंत म्हणाले. "ज्या दिवशी सरळ धरून वाचाल त्या दिवशी या."

एवढ्यावर सभा संपली. बोलायला उठण्याची सवय असलेला त्या खोलीत एकच माणूस होता. 'त्यांना हवं तसं धरू द्या, आणि मग ऐका' एवढं एकच वाक्य लागणार होतं. मी खाली बघत बसलो आणि माझ्या बसकरावरचं अक्षर वाचत राहिलो.

जाताना मावशींनी पुस्तकांना हात लावला नाही. ती कमिटीची होती. बसकरं तेवढी गोळा केली, ती त्यांची होती. सामंतांना उठावं लागलं.

नवीन बाई महिन्याभरात आल्या. चांगल्या होत्या, प्रशिक्षित होत्या, माझीच मागणी होती. पुस्तक छातीशी धरून स्पष्ट उच्चारात वाचायच्या आणि पान संपलं की फिरवून चित्र दाखवायच्या. पोरं चित्र बघायची. अक्षरं बाईंच्या बाजूला राहायची. जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेली पुस्तकं अस्वच्छ म्हणून माळ्यावर गेली. पोरं शांत बसायला लागली, आणि पालकांना ते फार आवडलं.

मीनूने जाणं बंद केलं. घरी बसून ती जो हाती येईल तो कागद उलटा धरून बसायची. ताईला काळजी वाटायची. मी ताईला समजावलं की बघ, त्या बाईचंच बघून पोरगी नाटक शिकली.

एका रविवारी वडील घरी होते. आठवड्याचे सहा दिवस ते उजाडता जायचे आणि दमून यायचे, लग्नसराईत रविवारीही छापखाना चालायचा, त्यामुळे माझं पत्रक त्यांच्या हाती पडायला इतके दिवस लागले. ते जमिनीवर बसून वाचत होते. शाई फिकी आहे, मथळा मोठा झालाय, असं काहीबाही पुटपुटत होते. मीनू त्यांच्या शेजारी येऊन बसली, तिने कागद ओढला, फिरवून उलटा केला आणि त्यावर बोट ठेवलं. बोट उजवीकडून डावीकडे निघालं.

"या… बाईंना…" ती म्हणाली. थांबली. पुढच्या शब्दावर अडली, पुन्हा मागे आली. "वाचता… येत… नाय."

वडिलांनी चष्मा काढला. आमच्या घरात ते पत्रक कुणी मोठ्याने वाचलं नव्हतं. छापलेलं होतं 'नाही'. पोरीने वाचलं 'नाय', जसं तिने वर्षभर ऐकलं होतं तसं. वडिलांनी खिशातून एका लग्नपत्रिकेचा बिघडलेला नमुना काढला आणि तिच्यासमोर सरळ ठेवला. तिने तो उलटा केला आणि 'वधूवर' सोडून पुढचं 'आजी', 'मामा', 'काका' एकेक करून वाचलं.

"ही कुठे बसायची?" वडिलांनी मला विचारलं.

"मावशींच्या मांडीवर."

"आणि बाकीची पोरं?"

"समोर."

वडिलांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी काय करतो तुला माहीत आहे ना?"

"खिळे जुळवता."

"जुळवलेली ओळ कशी वाचतो मी? उलटी. सरळ छापली जावी म्हणून उलटी वाचतो. माझ्या शेजारी उभा राहून लहानपणी तू हे शंभरदा पाहिलंस." त्यांनी माझं पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. "पोरांना सरळ दिसावं म्हणून ती बाई उलटं वाचत होती आणि तू तिला निरक्षर छापलंस. निदान मला विचारायचंस. तुझ्या घरातच एक उलटं वाचणारा होता."

मावशी पुन्हा बालवाडीत आल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो. मी दुसरं पत्रक काढलं, त्यात माझी चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली आणि घरोघर वाटलं. लोकांनी ते पहिल्याइतक्याच आवडीने घेतलं आणि काही झालं नाही. सामंत म्हणाले की जागा भरली आहे, आणि आता परत तोच वास कशाला. एखादं खोटं पसरायला एक पत्रक पुरतं आणि ते परत घ्यायला किती लागतात याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

मग मी माळ्यावरून बदकाच्या छत्रीचं पुस्तक काढलं आणि करावे गावात गेलो. भर दुपार होती. अंगणात जाळी वाळत पडली होती. मावशींचं दार उघडं होतं आणि आतून कुणीतरी पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत होतं.

"पा… ल… पाल… कां… पालकां…"

मी दारातच थांबलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात माझं तेच, त्यांना घालवणारं पत्रक होतं. सरळ धरलेलं. कपाळावर घाम, बोट डावीकडून उजवीकडे अडखळत चाललेलं. मला पाहून त्यांनी ते लपवलं नाही.

"ये रं कागदवाल्या. जमाला लागलंय थोरा थोरा. रुमालसाहेब बोलला ना, सरल वाचशील तवा ये." त्यांनी कागद माझ्यापुढे केला. "ह्या वक्ताला बरा लिवलास. 'जाहीर' एकदाच हाय."

मला जे बोलायचं होतं ते मी पाठ करून आलो होतो. शेवटी मी एवढंच विचारलं की मावशी, तुम्ही वाचायला शिकलात कशा?

"शिकाला कोन पाठवतंय? माजा भाव शालेत जायचा. दारात बसून मोठ्यानं वाचायचा. मी त्याच्या म्होरं बसून करंदी सोलायची. हात चिकट, तं पुस्तकाला हात लावाची बंदी. बगाची बंदी नव्हती." त्या हसल्या. "त्याचं सरल, माजं उलटं. तो पयली पास झाला तवा मी पन झाली. कोनाला सांगितला नाय. मना वाटलं, सगल्या बाया असंच वाचत असतील. समोर कोनतरी बसल्यावर."

"मावशी, तुमचं चुकलं नव्हतं."

"सरल धरलं का अक्षरं अनोलखी दिसतात रं," त्या माझं ऐकलंच नसल्यासारखं म्हणाल्या. "जशी पोरांच्या आयश्या. वलख दाखवत नाय."

तेव्हा माझं लक्ष जमिनीकडे गेलं. त्यांच्यासमोर, रिकाम्या खोलीत, बारदानाची बसकरं अर्धगोलात मांडलेली होती. म, र, ग. सगळी. बहुतेकांचे काठ पोरांच्या बसण्याने उसवले होते. एकच कोरं होतं.

मी 'ल'वर जाऊन बसलो. पिशवीतून बदकाचं पुस्तक काढलं आणि आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं, माझ्याकडे तोंड करून. मावशींनी ते उचललं. नाकाशी धरलं. पाठ अंगठ्याने दाबली. स्वतःच्या हाताने मारलेली गाठ चाचपून पाहिली. मग परत खाली ठेवलं, जसं मी ठेवलं होतं तसंच, आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

पण सुरुवात केली नाही. त्यांनी मान वर केली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या बसकरांवरून नजर फिरवली.

"सगल्यांना दिसतंय ना?"

मी एकटाच होतो. जमेल तितकं लांबवून मी "हो-ओ-ओ" म्हटलं, आणि मावशी वाचायला लागल्या.